भिकूफुईची न्हाणी

कळसाडीच्या आमच्या घरात न्हाण्या दोन. एक पुढची, सगळ्यांची. दुसरी मागे गोठ्याच्या भिंतीला लागून, ती भिकूफुईची एकटीची. फुई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. आमच्या बाजूला आत्याला फुई म्हणतात, आणि मी सून असले तरी तिनं मलाही तेच म्हणायला लावलं. "फुईसासू कसाले म्हनस? एक सासू बस नही का तुले?" असं ती मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात म्हणाली होती.

मी रोज दुपारी वहीत तिथी-वार, पाऊसपाणी, देवाला काय नैवेद्य झाला एवढंच टिपून ठेवते. फुईचं तेवढ्यात मावत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

देशभर मिठाची चळवळ झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी या घरात आले. तेव्हा फुई पन्नाशीकडे झुकलेली होती. लहानपणीच लग्न झालेलं, न्हातीधुती व्हायच्या आत गाठीच्या तापात नवरा गेला, आणि सासरहून ती एक पेटी आणि एक पितळी बाळकृष्ण घेऊन परत आली. आमच्यात विधवेचा पाट लावत नाहीत. माहेरात तिला मागची खोली मिळाली, आणि ती खोली मग तिचीच झाली.

बाळकृष्ण रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. रोज सकाळी ती त्याला दुधानं न्हाऊ घाली. दूध तिच्याच वाटणीचं, एक वाटी. त्यातलं चमचाभर तीर्थ सोडलं तर ती स्वतः कधी प्यायली नाही. आधी कोमट पाणी, मग दूध, मग पुन्हा पाणी, मग मऊ फडक्यानं टिपणं. आणि तोंडानं सारखं काहीतरी चाललेलं. "डोया मिट, डोया मिट, दूध जाई डोयामा." मी पहिल्यांदा दाराबाहेरून ऐकलं तेव्हा वाटलं, आत कुणाचं तरी तान्हं पोर आहे.

वर्षातून एक दिवस तिच्या खोलीत माणसं येत. गोकुळाष्टमीचा जन्म रात्री देवळात होई. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांचा पाळणा मात्र फुईकडे. ही रीत कशी पडली ते कुणालाच आठवत नाही. गल्लीतल्या साऱ्या बायका यायच्या, फुईच्या हातचा सुंठवडा घ्यायच्या, पाळण्याची दोरी ओढायच्या, गाणी म्हणायच्या. फुईची अट एकच. तिच्या न्हाणीत पाय धुतल्याशिवाय कुणाच्या हाती दोरी द्यायची नाही. बाकीचं वर्षभर तिच्याकडे कुणी जात नसे. जायचं कारणच नव्हतं. त्या एका दुपारसाठी ती आषाढापासून सुंठ कुटायला घ्यायची, पाळण्याला नवी झालर शिवायची, आणि मला विचारायची, "लोटननी बायको येई ना व औंदा? गयी साल गुडघा दुखे तिन्हा."

लोटनची बायको म्हणजे दगूबाई. आमच्या समोरच राहायची. तोंडानं फटकळ, आवाज गावभर जाईल असा. एका साली ती पाय धुवायला न्हाणीत गेली आणि किंचाळतच बाहेर आली.

"व माय! भिकूबाईनी न्हानीमा जनावर शेतस! मन्हा पायवर चढनात!"

साऱ्या बायका उठून बघायला गेल्या. मीही गेले. मोरीच्या तोंडाशी, ओल्या भिंतीच्या बुडाशी, काळपट बारीक किडे वळवळत होते. दोऱ्याच्या तुकड्यासारखे, नखाच्या आत मावतील एवढे. पाय नव्हते, पण सरपटत वर चढत होते. फुई म्हणाली, "पावसायाना किडा शेतस व, काही करतस नहीत." पण बायकांची मनं विटली. सुंठवडा पदरात बांधून घेतला तो तोंडात कुणी टाकला नाही. गाणी अर्ध्यावर राहिली.

पुढचा पाळणा आता आपल्या ओट्यावर, असं दगूबाईनं दारातच सांगून टाकलं, "पुढली साल पायना मन्हा वटावर. देवबाप्पा बठस तठे न्हानी अशी?"

बायका गेल्यावर सासूबाई फुईला म्हणाल्या, "किडा गयात ते पायना तुन्हाच घर, भिकू. नही गयात ते दगूबाईना घर. मी लोकेस्ना तोंडवर हात ठेवू का?"

फुई सुंठवड्याचं ताट झाकत राहिली. ताट जवळजवळ भरलेलंच होतं.

तेव्हापासून त्या किड्यांपाठी ती लागली. सासूबाईंचा उपाय सोपा होता. "उकयतं पानी वत एक बघोनं. सगया मरतीन." फुई ते ऐकेना. उकळतं पाणी मोरीत ओतायचं नाही, हे आमच्यात सगळ्याच बायका पाळतात. भाताची पेजसुद्धा आधी गार पाणी सोडून मग ओततात. पण नेम पाळण्यात आणि नेम पाळण्यात फरक असतो. "धरतीमाय बयस," फुई म्हणे. "तिन्हा पोटमा जीव शे. कान्हाना पायनासाठे मी जीव मारू का?"

मग ती काय करायची, तर रोज पहाटे आंघोळीच्या आधी न्हाणीत उकिडवी बसून पळसाच्या पानावर एकेक किडा काडीनं घ्यायची आणि पान उकिरड्यावर ठेवून यायची. आणि त्यांना रागवायची. "उनात का परत? कालदिन इतलं लांब टाकी उनू मी तुमले. पाय नहीत तरी कसा येतस रे?" हे मी गोठ्यात शेण भरताना ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. पुढे पुढे हसू येईनासं झालं. दिवसाकाठी तिचं एवढंच बोलणं व्हायचं, सकाळी कान्हाशी आणि त्याआधी किड्यांशी.

न मारता जे होईल ते सगळं तिनं केलं. राखेनं फरशी घासली. कडुनिंबाचा पाला वाटून मोरीत टाकला. गोमूत्र शिंपडलं. मिठाची ओळ घातली. सासूबाईंनी दिव्याचं घासलेट थोडं दिलं, ते तिनं घेतलं आणि वापरलं नाही. किडे चार दिवस कमी व्हायचे आणि परत यायचे.

आमचा सालदार उखा. तळोद्याकडच्या डोंगरातला. फुईनं त्याला मोरीमागचा सांडपाण्याचा खड्डा उपसायला लावला, तिला वाटलं किड्यांचं घर तिथं. खड्ड्यातही अळ्या होत्या, पण जाड, पांढऱ्या, आणि एकेकीला उंदरासारखी लांब शेपटी. उखानं फावड्यावर घेऊन दाखवल्या.

"माय, यास्ले शेपटी शे. तुन्हा न्हानीना बिनशेपटीना. ह्या तठे जातस नहीत, आन त्या आठे येतस नहीत."

"मंग त्या येतस कोठेन?"

"माले काय मालूम? तुले जास्त वयख शे त्यास्नी." उखा हसला. फुईही हसली. खड्डा स्वच्छ झाला, कोरडी राख पडली, आणि न्हाणीत किडे होते तसेच राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. घरातल्या बायका तापीच्या स्नानाला प्रकाशा गावाला गेल्या, महिनाभर धर्मशाळेत राहिल्या. फुईनं बाळकृष्ण कापडात गुंडाळून पोटाशी धरून नेला. आम्ही परत आलो तेव्हा तिची न्हाणी कोरडी खडखडीत. एक किडा नाही. तिला इतका आनंद झाला की तिनं मला हाताला धरून दाखवायला नेलं. मग तिचे नेहमीचे दिवस सुरू झाले, आणि आठवडा व्हायच्या आत भिंतीच्या बुडाशी ते परत वळवळू लागले.

सासूबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "देख भिकू. तू गयी ते किडा बी गयात. तू उनी, ते बी उनात."

त्यांच्या मनात वाईट नसावं. त्या बोलल्या आणि निघून गेल्या. फुई मात्र न्हाणीच्या उंबऱ्यावर तशीच बसली. त्या दिवशी तिनं देवाच्या स्वयंपाकाला हात लावला नाही. मला म्हणाली, "तू कर. मन्हामाच काही व्हई." मी म्हटलं, "असं काय बोलतेस, फुई?" तर म्हणाली, "कपायच तसं शे. पह्यले मानूस गयं, आते न्हानी." हे रडत म्हणाली असती तर मी काहीतरी समजूत घातली असती. ती हिशेब लागल्यासारखी म्हणाली.

पण किडे उचलणं तिनं सोडलं नाही. आणि त्या उचलण्यातूनच वाट सापडली. एकदा पहाटे जोराचा पाऊस होता, उकिरड्यापर्यंत जाता येईना. तिनं किड्यांचं पान, थोडा ओला गाळ त्याला चिकटलेला, तसंच एका टोपलीखाली झाकून ठेवलं आणि विसरली. बऱ्याच दिवसांनी टोपली उचलली तर पानावर किडे नाहीत. बारीक करडी पाखरं भुर्रकन उडाली. माशीपेक्षा लहान, पंख मखमलीसारखे, बसली की पानाच्या टोकासारखी दिसणारी. ही पाखरं न्हाणीच्या भिंतीवर नेहमीच बसलेली असत. आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, आणि त्यांचा किड्यांशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

फुई मला शोधत चुलीपाशी आली. "चाल, चाल लवकर. हाई पाखरू त्या किडानंच शे व! किडा माय नही, किडा पोऱ्या शे. माय उडस. ती कोठे जाईसन बठस तेच देखाले पाहिजे."

मग आम्ही दोघी न्हाणीत बसून पाखरं बघत राहिलो. त्या दुपारी मला तिची खूप जवळून ओळख झाली. ती कुजबुजत बोलत होती, पाखरं उडू नयेत म्हणून. पाखरं मोरीच्या तोंडाशी जात नव्हती. उलट कोपऱ्यात, भिंत आणि फरशी यांच्या मधल्या फटीशी उतरत होती. एक आत गेलं. थोड्या वेळानं दुसरं.

मी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. फुईचा चेहरा उतरला. मला कळेना का.

उखाला बोलावून पहार घालून तो फरशीचा दगड उचलला. खाली करड्या रंगाचा, दह्यासारखा थर साचला होता. वास आंबट. आणि तो थर जिवंत असल्यासारखा हलत होता. उखा मागे सरला. फुई वाकली, बोटावर थोडं घेतलं, हुंगलं.

"दूध शे," ती म्हणाली. "मन्हा कान्हानं दूध."

मग तिनं सांगितलं तेव्हा समजलं. बाळकृष्णाच्या आंघोळीचं दूधपाणी कुणाच्या पायाखाली जाऊ नये. मोरीतून सोडलं तर खड्डा भरून ते गल्लीत जातं, तिथं माणसं आणि गुरं चालतात. गोठ्यात ओतणं पाप. तुळशीत घालायचं, तर तुळस पुढच्या अंगणात, आणि सकाळी पुढच्या अंगणात तिनं जायचं नाही. घरातले पुरुष कामाला निघतात, त्यांच्या समोर सकाळी सकाळी विधवेनं यायचं नाही. हे तिला कुणी रोज सांगत नव्हतं. परत आली तेव्हा एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरलं. म्हणून ती एक चमचा तीर्थ घेऊन बाकीचं त्या कोपऱ्यातल्या फटीत सोडायची. तिथं कुणाचं पाऊल पडत नव्हतं. इतकी वर्षं ती फट सगळं पिऊन घेत होती.

"मीच पोसं यास्ले," ती म्हणाली, आणि मला वाटलं रडेल, तर तिला हसू आलं. "देख व. मी म्हनू, मन्हं दूध कोन पेस. यास्नी पेयं."

तो सगळा गाळ तिनं घमेल्यात भरून शेताच्या बांधावर नेऊन ठेवला, स्वतः. मातीत पसरला, किड्यांना चिमण्या खातील की जगतील ते देवावर सोपवलं. खालची माती उखानं खरवडून काढली. काथ्या आणि राख घेऊन फुईनं दगडाच्या कडा घासल्या. जागा उन्हानं सुकू दिली, मग विटकर आणि चुना कालवून उखानं दगड पक्का बसवला. फट राहिली नाही. पाखरं दोन-चार दिवस भिंतीवर हिंडली आणि गेली.

आता प्रश्न दुधाचा. सासूबाईंना तिनं सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "मंग तुयसमा वत. कोनी नही म्हने का?"

"दादा ऱ्हास अंगनमा," फुई म्हणाली. दादा म्हणजे माझे सासरे, मामंजी.

"तो जावावर जा."

असं ठरलं. रोज सकाळी बाळकृष्णाला न्हाऊ घालून फुई दूधपाण्याचा गडू घेऊन मधल्या घराच्या दारामागे उभी राहायची. पुढे मामंजींचं खोकणं, पगडी झटकणं, बैल जुंपल्याची घुंगरं, सगळं ऐकत राहायची. तीर्थ जागी लागल्याशिवाय ती पाणीही घेत नसे. कधी मामंजी लवकर निघत, कधी कुणी भेटायला येऊन ओट्यावर बसून राही. घुंगरं गल्लीच्या टोकाला गेली की ती बाहेर यायची. तुळशीशी दोन मिनिटं, आणि परत आत. पण त्या दोन मिनिटांत ती आकाशाकडे बघायची. सकाळचं पुढचं अंगण तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

श्रावण लागला. मामंजी त्या दिवशी शहाद्याला निघाले होते, बैलांची नवी जोडी बघायला. कधीचं ठरलेलं काम. गाडी निघाली, घुंगरं दूर गेली, फुई अंगणात आली. आणि मामंजी छत्री विसरली म्हणून गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवून चालतच परत आले.

मी ओटा झाडत होते. त्यांनी फाटकातून पाऊल आत टाकलं आणि फुई समोर, हातात गडू. तिनं तोंड फिरवलं, पण जाणार कुठे? दोघं तशीच उभी राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून सकाळच्या उजेडात त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

मामंजी हळूच म्हणाले, "भिकू, केस पांढरा व्हई गयात व तुन्हा."

मामंजींनी कोपऱ्यातली छत्री घेतली. क्षणभर हातात धरली. मग परत भिंतीला टेकवून ठेवली, जोडे काढले, आणि ओट्यावर बसले. उखा गाडीपाशी वाट बघत होता. त्याला हाक मारून म्हणाले, "उखा, बैल सोड रे. आज जानं नही."

"दादा," फुई म्हणाली. "मन्हामुये का?"

"नही व. आभाय भरी उनं. वाटमा पानी लागी."

मी वर पाहिलं. आभाळ निळं होतं. ऊन अंगणभर पडलं होतं. मामंजींच्या आवाजात राग मुळीच नव्हता. तिला बरं वाटावं म्हणूनच ते बोलत होते, आणि अपशकुनाचा नेम मोडायचा त्यांना धीर नव्हता. फुईनं गडूतलं उरलेलं तुळशीत ओतलं, गडू पदरानं पुसला, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुधाची वाटी घेऊन मागच्या खोलीत गेले, तर म्हणाली, "आते नको लयू. घरमा पोरेसोरे शेतस, त्यास्ले दे." बाळकृष्णाला तिनं पाण्यानं न्हाऊ घातलं. तोंडानं काही म्हटलं नाही. पाणी मोरीतून जाऊ दिलं नाही, केळीच्या आळ्यात घातलं. केळ मागेच होती. दुधाला तुळसच लागे, नुसत्या पाण्याला ती पुरत होती.

अष्टमीचा पाळणा फुईकडेच झाला. गल्लीतल्या साऱ्या बायका आल्या. दगूबाई आधी न्हाणीत शिरली, वाकून कोपरा बघितला, मोरी बघितली, भिंतीवर हात फिरवला. "निपटं चोखं करं व, भिकूबाई! आते ते जेवाले बठू आठे." सगळ्या हसल्या. एकेकीनं पाय धुतले. फुई उंबऱ्याशी उभी राहून प्रत्येकीच्या पायांवर स्वतः पाणी घालत होती. नवी झालर सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. खोली बायकांनी आणि बांगड्यांच्या आवाजानं भरून गेली.

मग पाळण्यात घालायच्या आधीची आंघोळ. फुईनं ताम्हण घेतलं, बाळकृष्ण ठेवला, तांब्यातलं पाणी घातलं, त्यावर तुळशीचं पान. आणि फडकं उचललं.

दगूबाईनं मान पुढे काढली. "दूध नही का व? दरसाल ते दूध ऱ्हास."

फुईनं बाळकृष्णाचं डोकं टिपलं. कान टिपले.

"आते मोठा व्हयना तो," ती म्हणाली. "दूध सुटनं त्यानं."

बायका हसल्या. दगूबाई तर सगळ्यांत मोठ्यानं. फुईनं देव पाळण्यात ठेवला, दोरी दगूबाईच्या हातात दिली, आणि सुंठवड्याचं ताट आणायला आत गेली. गाणं सुरू झालं. एक झालं, दुसरं झालं. तिला बाहेर यायला जरा वेळ लागला.